कोणाच्या गळ्यात कोण

९ नोव्हें.
देवराव आज पुन्हा आले. परवाच दळून नेलं, आज पुन्हा दोन किलो गहू. मी म्हटलं, "एकटा माणूस किती पोळ्या खाते जी?" म्हणे, "पाहुणे येऊन राहिले." कुठले पाहुणे. साऱ्या मोहाडीले माहीत आहे, त्यांची बायको गिरजाबाई वारल्यापासून त्या घरी कोणी जात नाही.
संध्याकाळी चक्की बंद केली. पट्टा थांबता थांबता ह्यांचा खोकला आला. नेहमीसारखाच, दोनदा कोरडा, मंग घसा खाकरल्यावानी. माझे मालक जाऊन इतकी वर्षं झाली, तरी दळण संपलं का खोकलतेतच. कोणाले सांगितलं नाही. सांगितलं तर पोरगी डॉक्टरकडे नेईल.

१४ नोव्हें.
देवरावची मोठी बहीण यमुनाबाई तांदूळ दळाले आली. म्हणे, "बाई, याच्या घरात पिठाचे डबे ठेवाले जागा उरली नाही. जन्माचा भात खाणारा माणूस. पोळी त्याच्या घशाखाली उतरत नाही." मी तोंडाले पदर लावला, पीठ उडालं असं दाखवून. पन्नाशी उलटली अन् कोणी आपल्यापायी गहू विकत घेऊन राहिलं. लाज वाटते, हसू बी येते.
ह्यांचा सदरा अजून चक्कीतल्या खुंटीले आहे. तिकडे नजर गेली अन् तांदूळ मोजाले लागली.

२० नोव्हें.
यमुनाबाईनं लग्नाचं विचारून टाकलंच. देवराव बाहेर सायकल धरून उभे, जसा काही त्यांचा संबंधच नाही. मले हो म्हणता येईना, नाही बी म्हणता येईना. पोरगी नागपूरवरून फोनवर, "आई, हो म्हण ना, किती विचार करून राहिली." तिले काय सांगू, तुझा बाप अजून इथं खोकलते.

२३ नोव्हें.
यमुनाबाईनं रुमालात गुंडाळून टाक आणला. चांदीचा बारीक पत्रा, त्यावर गिरजाबाईचं तोंड. "आमच्यात पहिलीले दुसरीच्या गळ्यात घालतेत. नाही घातलं का ती त्रास देते."
माझ्या तोंडून निघूनच गेलं, "अन् माझ्या मालकाचं काय? ते कोणाच्या गळ्यात?"
"माणसाचं असं नसते, बाई."
"काहून नसते? ते का कमी मेले?"
देवराव चपलेकडे पाहत होते. गेले तर पिठाचा डबा इथंच विसरले. टाकही राहिला.

२७ नोव्हें.
आले नाहीत. डबा तसाच पडून.
टाक ज्वारीत ठेवला होता, काढून पाहिला. नाक घासून सपाट झालं आहे. नुसतं देव्हाऱ्यात ठेवून असं होत नाही. रोज अंगठा फिरवत असतील. मी मेलेल्या बाईवर जळून राहिली का? म्हटलं, "गिरजाबाई, तुमचा माणूस काही बोलत नाही वो. तुमच्याशी तरी बोलत होता का?"
चक्की बंद केल्यावर आज खोकला खूप वेळ चालला. रागावले असतील. मले भेव वाटलं. आपल्याच माणसाचं भेव, काय म्हणावं.

२ डिसें.
बाजारात दिसले. वांगे निवडून राहिले होते. मले पाहिलं अन् कांद्याच्या पोत्याआड झाले. घरी येऊन रडली. खरं लिहिते, मले ते पाहिजेत. पण ह्यांना चक्कीत एकटं टाकून जाऊ कशी?

५ डिसें.
देवराव आले. गहू नाही, काही नाही. विसरलेला डबा उचलाले वाकले अन् शर्टातून काळा दोरा लोंबला. त्याले नवा टाक. पागोटंवाला माणूस, मिशा पिळलेल्या.
"हे कोण जी?"
"प्रभाकरजी."
माझ्या मालकाचं नाव! ह्यांनी जन्मात पागोटं घातलं नाही. मिशी तर धड उगवतच नव्हती. देवराव म्हणे, "भंडाऱ्याचा सोनार ऐकेच ना. माणसाचा टाक म्हंजे पागोटं आलंच म्हणे." मंग मान खाली घालून, "त्रास द्यायचा तर मले देतील. तुमी मोकळ्या राहा."
मी हसली, अन् हसता हसता पिठातच बसून रडली. ते डबा धरून तसेच उभे.
होकार दिला नाही अजून. पण ते गेल्यावर सदरा खुंटीवरून काढला, धुतला.
संध्याकाळी चक्की बंद केली. पट्टा थांबला. कान देऊन उभी राहिली. काहीच नाही. दोरीवरचा सदरा हलत होता, तेवढंच.

७ डिसें.
आज बी खोकला नाही. मीच म्हटलं होतं, ते कोणाच्या गळ्यात म्हणून. आता करमत नाही.

९ डिसें.
देवराव गहू घेऊन आले. दारातच थांबले. दोनदा कोरडं खोकलले, मंग घसा खाकरला. माझ्या हातातलं सूप पडलं.
"कधीपासून?"
"इथं टाक दाखवून गेलो तवापासून. औषध घेतलं, पण जातच नाही."
हळद अन् गूळ दिला. दळण घेऊन गेले, खोकलत. वळणापर्यंत ऐकत उभी होती. बरं वाटलं, हे लिहिताना लाज वाटते.
गिरजाबाईचा टाक काढून दोऱ्यात ओवला. गळ्याशी धरून आरशात पाहिलं. घातला नाही. यमुनाबाईले आधी एक विचारायचं आहे. गिरजाबाईले कायची सवय होती?