कुवाबाराबाईंची कुरकुर

ती. तोमिएताईस,

धाकट्या तोराकिचीचा वाकून नमस्कार (कंबर जाते तिथपर्यंत). गुडघे कसे आहेत? इकडे थंडी सरली, बंदरात माकूळ उतरायला लागलाय.

दहाव्या वर्षी बोटीवर चढलो आणि सोप्या अक्षरांवरच जन्म काढला. अशा त्र्याहत्तर वर्षांच्या ठोंब्याला तू पोस्टकार्डावर चित्राक्षरं शिकवतेस, धन्य तुझी! पण पहिलंच अक्षर काय निवडलंस गं! कच्चं, जन्म, जगणं, उगवणं, सगळं एकातच, आणि उच्चार दर ठिकाणी वेगळा. (माझंही तसंच म्हणा: घरी तोरा, बोटीवर म्हातारा, दवाखान्यात तोराकिची-सान.) ताज्या, म्हणजे 'कच्च्या' बिअरच्या पिंपावर तेच, ओल्या कचऱ्याच्या डब्यावर तेच. दवाखान्याच्या दारावर डॉक्टरांच्या हुद्द्यातही 'आधी'च्या अक्षराला जोडून तेच दिसलं, तेव्हा हुरळून मोठ्यानं वाचलं, "आधी कच्चा!" आतून डॉक्टर म्हणाले, "आता पिकतोय हळूहळू, या."

आता खरी गोष्ट. आमच्या गल्लीत घरोघर सूचनांची पाटी फिरते, ठाऊक आहेच तुला. वाचायची, शिक्का मारायचा, पुढच्या घरी द्यायची. बायको होती तोवर ती वाचायची. ती गेल्यापासून अकरा वर्षं मी गंभीर चेहऱ्यानं नुसता शिक्का मारतोय. कुणाला पत्ता नाही, असं आपलं मला वाटायचं. शेजारच्या कुवाबाराबाई पाटी आणतात आणि दारातच तोंडाचा पट्टा सोडतात. मी मनातल्या मनात वैतागायचो.

परवा पाटी हातात घेतली, तर पहिल्याच ओळीत आपलं अक्षर! तेवढ्यात बाई सुरू झाल्या, "शी बाई, ओला कचरा आता गुरुवारी म्हणे!" दुसऱ्या ओळीत दहाचा आकडा. "आणि दहा तारखेला पाणी बंद, आंघोळी कशा करायच्या माणसांनी?" मी ओळींवरून बोट फिरवत राहिलो. एक ओळ गाळली नाही गं तिनं. मागे तापानं फणफणली होती, तेव्हा पाटी दुसऱ्याच्या हाती पाठवून फोनवर कुरकुरली होती. मी मेल्यानं मधेच फोन ठेवला होता.

अकरा वर्षं मला वाचून दाखवत होती, ताई, आणि एकदाही जाणवू दिलं नाही. मला रडूच आलं. तू शिकवलं नसतंस तर हे कळलंच नसतं.

तुझा,
तोरा

ता. क. पुढच्या महिन्यात येशील तेव्हा तिच्यासमोर माझ्या वाचनाचं कौतुक करू नकोस, तुझ्या पाया पडतो. मला वाचता येतं हे कळलं, तर पाटी दाराशी ठेवून निघून जाईल.

आणखी एक. काल पाटी मुद्दाम उलटी धरून बसलो. तिनं गुपचूप सरळ केली, आणि चहाला थांबली.