भोवत्यांसाठी थंड ठेवलेल्या चुली

८ नोव्हेंबर
आले एकदाची! घाटनांदूरच्या आडबाजूची वस्ती, मागे मोकळा माळ आणि आयुष्यातली पहिली नोकरी. भोवत्या नावाचे शिकारी पक्षी हिवाळ्याला परदेशातून येतात आणि सांजेला माळावरच्या गवतात उतरतात. ते मी मोजायचे. एका मादीच्या पाठीवर दप्तरासारखं यंत्र बांधलंय. ती कुठे बसली ते माझ्या फोनवर ठिपका होऊन दिसतं. आज माळाच्या मधोमध. बाई एवढे देश ओलांडून वेळेवर हजर, मी मात्र एसटीतून उतरून अजून धापा टाकतेय.

१० नोव्हेंबर
वस्ती ऊसतोडीला गेली. घरोघर कुलपं. मागे राहिल्या फक्त शेजारच्या भिवराबाई. त्यांचा मुलगा अजिनाथ ट्रकमध्ये चढताना बजावून गेला, आईकडे लक्ष असू द्या. म्हातारी रोज सांजेला घमेल्यात विस्तव घेऊन निघते आणि प्रत्येक बंद घराच्या ओसरीतली चूल पेटवते. का, म्हणून विचारलं. "चूल थंड पडली की घर रिकामं हाय असं वाटतंय. मंग कुनीबी येऊन बसतंय." कोण, ते काही सांगितलं नाही.

१७ नोव्हेंबर
नवीच पंचाईत. चुलींचा धूर नेमका माळावर पसरतो आणि पक्षी घिरट्या घालून निघून जातात. साहेबांनी फोनवर चांगलीच खरडपट्टी काढली. मग मी भिवराबाईंच्या मागे लागले. थोडे दिवस चुली नकोत, एवढंच. त्या ऐकेनात. चहा पाजला, लाडीगोडी लावली, शेवटी डोळ्यांत पाणी आणलं. मऊ मनाची बाई. घमेलं उपडं घातलं.

१९ नोव्हेंबर
धूर नाही. भोवत्याही नाहीत, एकसुद्धा. मादीचा ठिपका वस्तीतल्या पहिल्या घरावर. घराला कुलूप आहे, पत्रे शाबूत. यंत्र थोडंफार चुकतंच म्हणा.

२१ नोव्हेंबर
ठिपका आज पुढच्या घरात. यंत्र उन्हावर चालतं. बंद घरात ऊन कसलं, तरी बॅटरी भरलेली. दाराला कान लावला. आत कुणीतरी कूस बदलली.
नंतर माळावर मादी सापडली. मरून पार वाळलेली. पट्टे बाजूला पडलेत, गाठी सोडलेल्या. यंत्र नाही.
मग घरात कोण आहे?

२२ नोव्हेंबर
भिवराबाईंच्या पाया पडले. पुन्हा चुली पेटवा म्हणाले. "आता ती घरं भरली, पोरी. भरल्या घरात इस्तू न्हेत न्हाईत. आपल्या दोघीच्या चुली तेवढ्या जप."
त्या माझ्यावर रागावल्या नाहीत. त्याचीच जास्त भीती वाटते.

२३ नोव्हेंबर
त्यांची चूल थंड. दार आतून बंद. किती हाका मारल्या—
ठिपका त्यांच्या घरात.
अजिनाथचा फोन आला. आई बरी आहे, असं मी म्हणाले. दुसरं काय सांगणार होते?
एसटी गाठता आली असती. पण त्यांना टाकून कशी जाऊ, माझ्याच पायी त्या—

२४ नोव्हेंबर
ठिपका माझ्या घरावर.
दार लावलंय. खिडकीही. चूल आत्ता पेटलेली होती, मी विझवली नाही—
काडी ओढली. विझली.
दुसरीही. वारा नाही कुठे.
ही शेवटची. ओंजळीत धरलीय, तेवतेय, आणि मानेमागून कुणीतरी हळूच फुंक—