जोसाया टिल्कॉट आणि तीन दिवसांची खिचडी

प्रिय श्रीकांत,

फोन असताना पत्र कसलं लिहितोय हा, असं म्हणशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून. शिवाय शनिवारी बर्मिंगहॅमच्या लायब्ररीत माझं भाषण ऐकायला तू मिल्टन कीन्सहून येणार आणि हट्टाने पहिल्या रांगेत बसणार. त्याआधी हे तुझ्या हातात पडायला हवं. पाकिटाला फर्स्ट क्लासचं तिकीट लावलंय. त्याची किंमत ऐकून शैला म्हणाली, त्यापेक्षा चालत जाऊन देऊन या.

भाषणाचा नायक तुला पाठ आहेच. जोसाया टिल्कॉट, इथलाच खिळे घडवणारा कामगार. ऑस्ट्रेलियात गेला, रेल्वे यार्डात युनियन काढली, मजुरांच्या मतांवर निवडून आला आणि शेवटी तिथल्या एका राज्याचा ट्रेझरर झाला, म्हणजे आपल्याकडचा अर्थमंत्रीच. निवृत्त झाल्यापासून बारा वर्षं मी त्याच्या मागे आहे. शैला म्हणते, घरात दोन नवरे आहेत आणि मेलेला जास्त जागा अडवतो. गेल्या भाषणाला सात माणसं होती, त्यांतली दोन पावसामुळे आत आलेली.

पण वर्षभर माझं घोडं शेवटच्या प्रकरणात अडलंय. नात तनू तिच्या इथल्या मोडक्या मराठीत विचारते, "आजोबा, तुमचा मॅन अजून ट्रेझरर झाली नाही?" झालाय गं बाई, तीच तर पंचाईत. खुर्चीत बसला आणि वर्षभरात रेल्वेचा संप झाला. संपकऱ्यांच्या जागी बाहेरची माणसं घ्यायच्या हुकमावर सही याचीच. मी त्याच्यासाठी सबबी शोधल्या. आजारी असेल, चष्मा विसरला असेल, कारकुनाने सही मारली असेल. मग लायब्ररीने मूळ कागदाचा फोटो मागवून दिला. सही ठसठशीत, खाली रेघसुद्धा ओढलेली.

श्रीकांत, सत्त्याहत्तरच्या आपल्या बसवाल्यांच्या संपात तू डेपोच्या गेटवर थंडीत उभा होतास आणि मी तापाने अंथरुणात होतो, असं तू आजवर समजतोस. मला ताप नव्हता. मफलरने तोंड झाकून मी दुसऱ्या डेपोच्या मागच्या दाराने आत गेलो आणि तीन दिवस रिकामी बस फिरवली. मला इन्स्पेक्टरची टोपी हवी होती. ती मिळाली, आणि पेढे वाटलेस तू. त्या तिन्ही संध्याकाळी अलकावहिनी आजाऱ्यासाठी मऊ खिचडी पाठवत होत्या. ठणठणीत माणसाने ती डबा चाटूनपुसून खाल्ली, वर सोबत चटणी नाही म्हणून निरोपही धाडला! त्याची मला अजून लाज वाटते. टिल्कॉटला माफ करायला मी वर्षभर का धडपडत होतो, ते आता तुला कळलं असेल. शनिवारी मी ते प्रकरण वाचणार आहे, त्याच्या नावाबरोबर माझंही नाव घेऊन. तू ते सगळ्यांदेखत पहिल्यांदा ऐकू नयेस, एवढ्यासाठी हे पत्र. पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची तुझ्यासाठी ठेवतो, उठून जायला सोपी. पण शेवटपर्यंत बसलास, तर वहिनींना विचार, एकदा खिचडी करतील का. चटणी मागणार नाही.

शनिवारनंतरही ठेवून घेतलंस तर तुझाच,
कमलाकर