लांबच्या युद्धातलं साटंलोटं

३ फेब्रुवारी, मंगळवार

जे झालं ते क्रमाने.

१. धाकटा भाऊ ऋतुराज मागच्या जूनमध्ये ‘तिकडं’ गेला. देशाचं नाव घरात कोणी घेत नाही. तिथे युद्ध चालू आहे. तिथले पुरुष आघाडीवर गेले, म्हणून कारखान्यांना मशीन चालवणारी माणसं हवी होती.

२. जाण्याआधी पेठ वडगावच्या एका घराशी साटंलोटं ठरलं. त्यांची वर्षाराणी ऋतुराजला. बदल्यात मी तिच्या भावाला, धैर्यशीलला. आमच्याकडे मुलांना मुली मिळत नाहीत. मुलगी हवी तर मुलगी द्यावी लागते.

३. मला विचारलं होतं. मी ‘बघू’ म्हणाले. तो होकार धरला गेला.

४. दोन्ही लग्नं अक्षय तृतीयेला, एकाच मांडवात. ऋतुराज मार्चअखेर परत येणार होता.

५. काल त्याचा फोन आला. कदाचित येणार नाही म्हणाला. का, ते सांगितलं नाही.

घरात हे फक्त मला माहीत आहे.

४ फेब्रुवारी

कोणाला सांगितलं नाही. कामावर, फाउंड्रीत, दिवसभर कास्टिंग म्हणजे ओतीव नग तपासले. बरं वाटलं.

६ फेब्रुवारी

कृष्णातमामा जेवायला होते. तांबडा रस्सा ओरपत म्हणाले, “तिकडं बाप्यं न्हाईत, हितं पोरी न्हाईत. दोन्ही सरकारांनी बसून मिटवून टाकावं की!”

पप्पा ठसका लागेपर्यंत हसले. आई हसली नाही. “गप बस कृष्णात. माझा पोरगा हाय तिकडं.” मग माझ्याकडे वळली. “त्यो आला की दोन्ही बार एकदमच उडवून टाकू. लई दिवस थांबलीस बाई तू.”

मी थांबलेय असं तिला वाटतं!

८ फेब्रुवारी, रविवार

ऋतुराजशी व्हिडिओवर बोलले. त्याला बोलतं ठेवावं म्हणून कारखान्याचं विचारलं. सुटलाच. लेथवर बायका. क्रेनवर बायका. फोरमन सत्तरीचा — पेन्शनीतून उठवून आणलाय. “बस चालवणारी तर कॉलेजातली पोरगी वाटती, तायडे.” पुरुष दिसले तर म्हातारे, नाहीतर आघाडीवरून काठी टेकत परतलेले. बाकी सगळे याच्यासारखे, कुठून कुठून आलेले. गावाबाहेरच्या फुटबॉलच्या मैदानावर आता कबरी आहेत. तिसरं मूल झालं की सरकार घर देतं म्हणे. “घर दील की. पण बाप कुठनं आणणार?” हसला, आणि एकदम थांबला.

दुकानातल्या एका म्हातारीने त्याला सामान दिलंच नाही. ‘माझ्या मुलाच्या मशीनवर तू उभा आहेस,’ म्हणाली. त्याला तिथली भाषा आता एवढी कळते.

“मग येत का नाहीस?” मी विचारलं.

“नेट जातंय, तायडे.”

नेट जात नव्हतं.

९ फेब्रुवारी

जेवणाच्या सुट्टीत त्या देशाचा लोकसंख्येचा आलेख शोधला. एका बाजूला पुरुष, एका बाजूला स्त्रिया. खाली लहान मुलं, वर म्हातारे. कडा सरळ हव्यात. याच्या कडांना खाचा आहेत. आजोबांच्या काळातल्या युद्धात जे मेले, त्यांची मुलं झाली नाहीत. जी झाली नाहीत, त्यांना पुढे मुलं कुठून? म्हणून दर पिढीला तीच खाच परत दिसते, जरा उथळ होऊन. आता त्यात नवी पडतेय.

मग आपल्या जिल्ह्याचा पाहिला. इथे युद्ध झालं नाही. तरी माझ्या वयाच्या आसपास मुलींची बाजू आखूड आहे. गावोगाव सोनोग्राफी आली तो काळ. माझ्यात आणि ऋतुराजमध्ये पाच वर्षांचं अंतर आहे. मध्ये एकदा आईचं ‘पडलं’ म्हणतात. मी कधी विचारलेलं नाही.

विंडो बंद केली. दुपारी दोन चांगले नग रिजेक्ट केले. माझ्या हातून असं होत नाही.

११ फेब्रुवारी

धैर्यशील येऊन गेला. लग्नाच्या कार्यालयाचं नक्की करायला. वाईट माणूस नाही. हेही लिहून ठेवते, नाहीतर उगाच त्याच्यावर ढकलेन. आई चहा करायला आत गेली तेव्हा म्हणाला, “आपलं काय, एकावर एक फ्री हाय.” मी हसले नाही. तो ओशाळला. “माझं काय चालतंय व्हय? वर्षाचं ठरलं म्हणून माझं ठरलं.”

“आणि माझी नोकरी?”

“सोडा असं कोण म्हणत न्हाय. पण आमच्यात शिफ्टला जाणाऱ्या बायका न्हाईत.”

म्हणजे सोडा.

१३ फेब्रुवारी

आईला कळलं. ऋतुराजनेच सांगितलं, कारण न देता. पप्पा उठून गोठ्यात गेले, जेवायलाही आले नाहीत. आई माझा हात धरून बसली. “तुजं ऐकतोय त्यो. तू बोलीव त्याला. त्यो न्हाय आला तर त्येंची पोरगी जाती हातची, आन् तू बी ऱ्हातीस. दोन्ही घरांचं वाटुळं हुईल, क्रांते.”

त्याला परत आणायचं काम माझ्याकडे! म्हणजे माझं लग्न मीच जमवायचं. “बघू,” म्हणाले. पुन्हा तेच.

१५ फेब्रुवारी, रविवार

ऋतुराजचा मेसेज. जसाच्या तसा:

“तायडे खरं सांगतो. हितं लेना हाय. आमच्या लाईनवर तपासणीला असती. नवरा युद्धात गेला. चार वर्षाची पोरगी हाय, मला नावानं हाक मारती. लग्न केलं तर ऱ्हायला मिळतंय. मागनं नागरिक झालो तर सैन्याचं बोलावणं बी येऊ शकतंय, ते म्हाईत हाय मला. पण माज्यापायी तुजं लग्न मोडाय नको. तू म्हण, मी येतो. लेनाला तसं सांगून ठेवलंय.”

तीनदा वाचला. मला हे लग्न हवंय, असं तो धरून चाललाय. चालणारच. मी कधी कोणाला काही बोलले आहे?

‘ये’ म्हटलं तर त्याचा जीव सुरक्षित, आणि चौघंही नको तिथे बांधलेली. ‘नको’ म्हटलं तर मी सुटते, आणि त्याच्या हातात बंदूक येऊ शकते.

१६ फेब्रुवारी

आज कामावर एक गोष्ट लक्षात आली. काल ‘चौघंही’ लिहिलं, पण मी तिघांचंच धरत होते. वर्षाराणीला काय हवंय ते मला माहीतच नाही. आठ महिन्यांत तिला कोणी विचारलेलं मी ऐकलं नाही. मीही विचारलं नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी तिला पाठवलं:

“वर्षाराणी, मी क्रांती. आपण कधी बोललो नाही. ऋतुराज तिकडे एका विधवेबरोबर राहू पाहतोय. मी बोलावलं तर तो परत येईल आणि तुझ्याशी लग्नही करेल. तो येवो न येवो, मी तुझ्या भावाशी लग्न करणार नाही. हे अजून कोणाला सांगितलेलं नाही, आधी तुला सांगतेय. त्याला काय कळवायचं ते तुझ्याशी बोलल्याशिवाय ठरवणार नाही. तुला काय हवंय ते शनिवारपर्यंत कळव.”