बावीस वर्षं घासलेला प्याला

१८ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी ७.
लेंट सुरू. ईस्टरपर्यंत चाळीस दिवस उपवास. मांस बंद, साखर बंद, राग बंद. राग मला तसा येतच नाही. फक्त कुलूपवाल्याची जिरवायची आहे.

कारण लिहून ठेवतो. चर्चमधला प्रभुभोजनाचा प्याला बावीस वर्षं मी घासतोय. दर शनिवारी लॉन्ड्री लवकर बंद करायची, पावडर, मऊ फडकं, तासभर मेहनत. शेवटच्या बाकावरून डोळे दिपावेत अशी चमक. परवा नवे पाळक म्हणाले, लेंटपुरती विश्रांती घ्या, हे काम कुलूपवाला करील. कुलूपवाला म्हणजे हिचा धाकटा भाऊ. चाव्या बनवतो. नखांत कायम काळं तेल.

योजना : माझ्या पावित्र्यानेच त्याला लाजवायचं. ईस्टरपर्यंत सगळ्या मंडळीने म्हटलं पाहिजे, प्याला शोभतो तो यांच्याच हातात.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
दाढी बंद. केसांना तेल बंद. उपवास दिसला नाही तर लोकांना प्रेरणा कुठून मिळणार? एका गिऱ्हाइकाने विचारलं, बरं नाही का. उपवासाबद्दल सविस्तर सांगितलं. मग ज्यांनी विचारलं नाही त्यांनाही सांगितलं. आज एकूण अकरा.
ता. क. दुपारी चार बिस्किटं. चहात बुडवून. बुडालं की ते चहातच जमा.

२२ फेब्रुवारी, रविवार
पँटला कडक इस्त्री, फक्त गुडघे सोडून. गुडघे टेकल्याच्या सुरकुत्या दिसलेल्या बऱ्या. कुलूपवाल्यासाठी वीस मिनिटं प्रार्थना केली. प्रभूने त्याचे डोळे उघडावेत आणि जमल्यास कंबर धरावी.

१ मार्च, रविवार
प्रभुभोजन. प्याला जवळून पाहिला. बाहेरून काठावर बोटांचे ठसे, बुडाशी डाग. घोट घेतला, पण मन लागलं नाही.
उपदेश नेमका भांडी नुसती बाहेरून घासणाऱ्यांवर. हिला कोपराने ढोसलं, म्हटलं, ऐक, तुझ्या भावाचं चाललंय. तो तर बाहेरूनही घासत नाही, म्हणजे त्याहून वाईट. ही म्हणाली, कोपर आवरा.

७ मार्च, शनिवार
कुलूपवाल्याचा पांढरा शर्ट लॉन्ड्रीत आला. कॉलरला तिप्पट स्टार्च. सूड नव्हे, सेवा.

८ मार्च, रविवार
त्याला मान वळवता येईना. पूर्ण उपासना समोर बघत बसला. पाळकबाई हिला म्हणाल्या, तुमचा भाऊ किती एकाग्र असतो.
संध्याकाळी घरी येऊन म्हणाला, दाजी, इतका छान शर्ट कुणी करून दिला नव्हता, दर आठवड्याला असाच करा. मानेवर लाल वळ उठला होता. दोन मिनिटं बरं वाटलं. मग जेवण गेलं नाही. तसा उपवासच होता.

१४ मार्च, शनिवार. दुपारी ४.
चर्चच्या खिडकीतून पाळत. गेल्या शनिवारीही ठेवली होती. हा माणूस दोन-दोन तास प्याला मांडीत घेऊन बसतो. टोक वाकवलेली तार, तिला कापड गुंडाळलेलं, ती आत घालून खरवडत राहतो. बाहेर फडकं मारायला नको. कुलूपच समजतो बहुतेक. मी बावीस वर्षं आत नुसतं पाणी फिरवलं. आत द्राक्षरस असतो, कोण बघतं? कुठे वेळ घालवावा याला अक्कल लागते.

१९ मार्च, गुरुवार
चर्चच्या पंचांना अर्ज दिला. तीन पानं, सात प्रती. मागणी : दोन एप्रिलला, प्रभुभोजनाआधी, प्याला सर्वांसमक्ष तपासावा. शेवटचं कलम माझं लाडकं : ज्याच्या हातून प्याला अस्वच्छ राहिला असेल, त्याने पुन्हा त्याला हात लावू नये.
ही म्हणाली, तेवढं कलम काढा. काढलं नाही. शेवटी बहीणच ती.

२९ मार्च, रविवार
वजन केलं. दोन किलो वाढलंय. काटा बिघडलेला. ही म्हणते, दाढीत बिस्किटाचा चुरा आहे.
कुलूपवाल्याने बाहेर गाठलं. म्हणाला, दाजी, अर्ज मागे घ्या, ईस्टरपर्यंत थांबा. टरकला.

२ एप्रिल, गुरुवार. सकाळी ६.
दाढी केली. जिंकणाऱ्याने स्वच्छ दिसावं.

२ एप्रिल. संध्याकाळी ८.
पंचांमधल्या निवृत्त शिक्षिकाबाईंनी चष्मा लावून प्याला हातात घेतला. म्हणाल्या, बाहेरून कळकट आहे. मी नम्रपणे खाली बघितलं. मग त्यांनी तो दिव्याखाली तिरका केला. म्हणाल्या, आत मात्र तळापर्यंत लखलखतोय, असा कधी पाहिला नव्हता. आणि कुलूपवाल्याला विचारलं, तुझ्याकडे आला तेव्हा आत कसा होता?

पाळक जमिनीकडे बघत होते. ही माझ्याकडे. मला ती तार आठवली. पाण्याने निघणारं असतं तर तार कशाला लागली असती? माझं कलम टेबलावर होतं, माझ्या सहीसकट.

कुलूपवाला म्हणाला, असाच होता. मला बाहेरचं जमलं नाही, दाजींसारखी चमक येत नाही. कलमाप्रमाणे मला काढा आणि काम त्यांना द्या.

पंचांनी मान्य केलं. लोकांनी माझे हात हातात घेतले. मी घेऊ दिले.

३ एप्रिल, शुक्रवार. सकाळी १०.
हिने काड्यापेटी आणून पुढ्यात ठेवली. आत काळे खवले, काठोकाठ. प्याल्यातून निघालेले. म्हणाली, फेब्रुवारीत पाळकांनी शेवटचा घोट घेतला तेव्हा एक त्यांच्या जिभेवर आला. ते तुम्हाला कायमचे काढणार होते. भाऊ म्हणाला, कुणाला सांगू नका, लेंटमध्ये मी साफ करतो, ईस्टरला दाजींना परत द्या.
म्हणजे प्याला मला मिळणारच होता. अर्जाने एवढंच झालं, की त्याच्या नावाला डाग लागला. शिवाय देवाच्या घरात, सर्वांसमक्ष, तो माझ्यासाठी खोटं बोलला.
आज काही खाल्लं नाही. कुणाला सांगितलंही नाही.

४ एप्रिल, शनिवार. दुपारी ४.
उद्या ईस्टर. प्याला बाहेरून वीस मिनिटांत चकचकीत. आत बोटं तळापर्यंत पोचत नाहीत. बावीस वर्षांत आज कळलं.
पंचांना खरं काय ते लिहिलं. अर्ज तीन पानांचा होता, हे चार ओळींत झालं. खिशात आहे.
तार कुलूपवाल्याच्या दुकानात आहे. जाऊन मागावी लागेल. तो दाजी म्हणेल, स्टूल पुसून पुढे करील, चहा सांगेल. मानेवर वळ असेलच, परवाचा शर्टही मीच केला होता. एवढा जबरी सूड मला चाळीस दिवसांत सुचला नव्हता.
दुकान पाचला बंद होतं. अजून निघालो नाही.