फाटकाजवळची माती

मंगळवार, ४ नोव्हेंबर

दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार, आणि सर्दी बरी झाली का ते आधी कळव. तुझी मातीची पिशवी मिळाली. चिठ्ठी बाहेरून बांध, आत घालू नकोस, असं दर वर्षी सांगते, पण ऐकशील तर शपथ! या वेळीही चिठ्ठी मातीत लोळून आली आणि मी ती चाळणीवर झटकून वाचली. आमच्या माती तपासायच्या प्रयोगशाळेतल्या सगळ्या हसत होत्या. "तुमच्या भावाचं पत्रसुद्धा तपासायला टाकू या का?" असं मोठ्या बाईंनी विचारलं.

तेवीस तारखेला तुझ्या शेतावर चाळीस शेतकरी येणार आहेत हे वाचून बरं वाटलं. म्हणजे बरं वाटायलाच हवं. पाच वर्षं नांगर न लावता, काडीकचरा जागीच ठेवून शेती केलीस, लोक वेड्यात काढत होते, आणि आता तेच बघायला येताहेत. गेल्या महिन्यात एका दिवसात महिनाभराचा पाऊस पडला तेव्हाचं तू लिहिलं आहेस, ते मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. शेजारच्या मिशीवाल्या काकांच्या नांगरलेल्या शेतात चार दिवस पाणी आणि कडेने गढूळ लोंढा, आणि तुझ्या शेतातलं पाणी संध्याकाळपर्यंत जिरलं. बाबांनी ऐकून घेतलं. "चांगलं झालं," एवढंच म्हणाले.

बाबा बरे आहेत. जेवतात, फिरायला जातात, पेपरातलं कोडं माझ्याआधी सोडवून ठेवतात. फक्त माझ्या गॅलरीतल्या कुंड्यांना अजूनही हात लावत नाहीत. परवा जास्वंदीची कुंडी बदलायची होती, मी म्हटलं बाबा, जरा मुळं मोकळी करून द्या ना. तर म्हणाले, "तुला जगवायची आहे ना? मग मला नको सांगूस." आणि चष्मा शोधायला आत गेले. चष्मा डोळ्यांवरच होता.

तू यंदाचा अहवाल लवकर मागितला आहेस. फलकावर मातीतल्या कर्बाचा पहिल्या वर्षीचा आणि पाचव्या वर्षीचा आकडा शेजारीशेजारी लिहायचा आहे म्हणतोस. दादा, एवढी घाई नको करूस. आमची भट्टी जरा त्रास देते आहे, माती नीट वाळत नाही. आणि फलकाचं एवढं काय मेलं? लोकांना माती दाखव, कुदळीने उकरून गांडुळं दाखव. आकडे कोण वाचतं?

फोन केला असता, पण तू ट्रॅक्टरवर असतोस आणि नुसतं "हां, हां" करतोस. म्हणून लिहिते आहे.

फलक रंगवायला टाकू नकोस. बाकी सगळं ठीक.

तुझी,
मुंगी


मंगळवार, ११ नोव्हेंबर

दादा,

तुझं पत्र आलं. किती रागावला आहेस! "भट्टी बिघडली तर दुसरीकडून वाळवून आण, फलक रंगवून झाला आहे, 'सेंद्रिय कर्ब दुप्पट' हे वहिनीने स्वतः लाल रंगात लिहिलं आहे, फक्त शेवटचा आकडा भरायचा बाकी आहे." वाचून मी पत्र उलटं करून ठेवलं. वहिनीचं अक्षर छान आहे, ते आणि वर.

भट्टी बिघडलेली नाही. कधीच नव्हती. खोटं लिहिलं मी.

यंदाचा आकडा ०.६२ टक्के आहे. पहिल्या वर्षी ०.३१ होता. म्हणजे दुप्पट, अगदी तू म्हणतोस तसं. मग मुंगीचं काय बिनसलं आहे, असं तू म्हणशील. मीही आठवडाभर स्वतःला हेच विचारते आहे. एकदा वाटतं, गप्प बसावं, अहवालावर शिक्का मारावा आणि पाठवून द्यावा. मग बाबा समोर येऊन बसतात आणि माझ्या डोक्याचा पार भुगा होतो.

पहिल्यापासून सांगते. तपासून उरलेली माती आम्ही पाच वर्षं बरण्यांमध्ये भरून ठेवतो आणि मग टाकून देतो. गेल्या आठवड्यात जुन्या बरण्या टाकायचं काम माझ्याकडे आलं. त्यात आपली पहिल्या वर्षीची बरणी होती. फेकण्याआधी उघडली. आतली माती फिकट, भुरकट, आणि तिच्यात बारीक निळे कण. मी ते चिमट्याने उचलून कागदावर ठेवले. प्लॅस्टिकच्या पाइपचा भुसा होता तो.

आता आठव. फाटकाजवळ पाण्याच्या पाइपसाठी चर खणला होतास ना, त्याच वर्षी. खालची निकृष्ट माती वर आली होती, आणि तिथेच ट्रॅक्टर वळून वळून जमीन दगडासारखी झाली होती. पाइप कापलास तोही तिथेच.

नमुना कसा घ्यायचा हे मी लोकांना शिकवते, दादा. सगळ्या शेतातून नागमोडी चालायचं, पंधरा ठिकाणी खड्डे घ्यायचे, सगळी माती एकत्र करायची, मग चार वाटे करून समोरासमोरचे दोन टाकायचे. वाटेवरची, बांधाजवळची, झाडाखालची माती घ्यायची नाही. हे मी झोपेतही सांगेन. आणि आपल्याच शेताचे पंधराच्या पंधरा खड्डे मी फाटकाजवळ, दहा पावलांच्या आत घेतले. चिठ्ठीवर मात्र लिहिलं, "संपूर्ण शेत, नागमोडी."

का, ते पुढच्या पत्रात लिहिते असं आत्ता लिहिणार होते. म्हणजे पुन्हा टाळणार होते. नाही, आत्ताच लिहिते.

तू बाबांना न विचारता नांगर भंगारवाल्याला दिलास, तो दिवस होता तो. तुम्ही दोघे अंगणात काय काय बोललात ते तुला माहीत आहे. मग तू आत गेलास आणि बाबा शेतात गेले. मी फावडं आणि पिशवी घेऊन नमुना घ्यायला निघाले, तर बाबा शेताच्या मधोमध पाठमोरे उभे होते. त्यांचे खांदे हलत होते. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं, आई गेली तेव्हासुद्धा नाही. नागमोडी चालले असते तर त्यांच्या अगदी जवळून जावं लागलं असतं. काय बोलायचं हे मला कळेना. लाज वाटली, भीतीही वाटली. मी फाटकातच बसले आणि जमीन खणत राहिले. फावडं टणाटण वाजत होतं तरी त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

मग महिन्याभराने तू तो अहवाल त्यांच्यापुढे धरलास. "चाळीस वर्षं नांगरून नांगरून तुम्ही या मातीचा जीव घेतलात बाबा. हे मी नाही म्हणत, तुमच्या लेकीची प्रयोगशाळा म्हणते." मी तिथेच उभी होते. तेव्हा बोलायला हवं होतं. मी चहा गाळायला गेले. चार दिवसांनी बाबा माझ्याकडे राहायला आले, ते परत गेलेच नाहीत.

मला आठवत नव्हतं, असं मी पाच वर्षं स्वतःला सांगत होते. पण दुसऱ्या वर्षी तू सगळ्या शेतातून नीट घेतलेल्या मातीची पिशवी आली आणि आकडा आला ०.५८. एका वर्षात कर्ब एवढा वाढत नाही, दादा. कुणाचाच वाढत नाही. तू आनंदाने नाचलास, आणि मीही फोनवर "वा वा" म्हटलं. नंतरची वर्षं बघ, ०.६०, ०.६१, ०.६२. सगळी उडी पहिल्याच वर्षात. मला कळलं होतं. कळूनही मी ते बाजूला सारलं.

गेल्या आठवड्यात मिशीवाल्या काकांचाही नमुना आमच्याकडे आला. त्यांचं शेत अजून नांगराखाली, माती आपल्यासारखीच. आकडा ०.५५. आता सांग, तुझ्या पाच वर्षांचं काय निघालं? ०.०७? एवढा फरक तर एकच माती दोनदा तपासली तरी पडतो कधी कधी. पण मग पाणी कसं जिरलं? गांडुळं कुठून आली? ते तर तू डोळ्यांनी पाहिलं आहेस, मीही उन्हाळ्यात तुझ्या शेतात पाय बुडवून पाहिलं आहे, माती भुसभुशीत लागते, वासही वेगळा येतो. तू चुकलास असं मी म्हणत नाही. तू बरोबर आहेस असंही आकड्यांवरून म्हणता येत नाही. मला काहीच कळेनासं झालं आहे.

हे पत्र टाकायच्या आधी मला बाबांना सांगायला हवं. आधी त्यांना, मग तुला. की उलट? बघते.

मुंगी


रविवार, १६ नोव्हेंबर

दादा,

मागचं पत्र टाकलं नाही. ते याच पाकिटात घालते आहे, दोन्ही एकदम वाच. तू दोनदा फोन केलास तेव्हा मी घरातच होते, उचलला नाही.

शुक्रवारी बाबांना सांगितलं. चहा पीत होते. मी बरणी घरी आणली होती, ती टेबलावर ठेवली, निळे कण दाखवले, आणि एका दमात सगळं बोलून टाकलं. मला वाटलं होतं ओरडतील. निदान सुटल्यासारखा श्वास तरी टाकतील. त्यांनी पहिली गोष्ट विचारली ती अशी, "म्हणजे त्या दिवशी तू पाहिलंस मला?"

मी हो म्हटलं.

"मग यायचं होतंस की जवळ," म्हणाले. रागाने नाही रे. अगदी सहज म्हणाले. मी ढसाढसा रडले, आणि तेच मला पाणी आणून देत होते.

मग बराच वेळ बरणी हातात फिरवत बसले. "म्हणजे माती मी मारली नव्हती?"

मी काय सांगणार? तेव्हाच्या शेताची खरी माती कुणीच घेतली नाही. ती मी घ्यायची होती. आता ती आणायची कुठून? पाच वर्षं तिच्यावर तुझं काम झालं आहे. काकांच्या शेतावरून अंदाज बांधता येईल, पण काकांचं शेत म्हणजे बाबांचं शेत नव्हे. तेव्हा मी खरं तेच सांगितलं, "माहीत नाही बाबा. आता कधीच कळणार नाही."

"हात्तिच्या!" म्हणाले. आणि हसले. खरोखर हसले, दादा. मला त्या हसण्याचा अर्थ लागला नाही, अजून लागलेला नाही.

आणि मग म्हणाले, "दादाला सांगू नकोस."

मी चक्रावलेच. म्हटलं, अहो, पाच वर्षं तुम्ही गुन्हेगारासारखे माझ्या घरात बसला आहात! तर म्हणतात कसे, "त्याने माझ्याशी भांडून हे बिननांगराचं धरलंय. त्या आकड्यावर धरलंय. तू आकडा काढून घेतलास तर उद्या त्याचा धीर सुटेल आणि तो नांगर आणेल. पाणी जिरतंय ना त्याच्या शेतात? तू वाचून दाखवलंस तेव्हा मी ऐकलंय. माझ्या वेळी नाही जिरत होतं एवढ्या लवकर. तो बरोबर असेल." मी विचारलं, आणि तुमचं काय? म्हणाले, "मला सवय झाली आहे."

सवय झाली म्हणे! एवढी चीड आली मला. त्यांची, तुझी, आणि सगळ्यांत जास्त माझी स्वतःची. सांगितल्यावर निदान त्या जास्वंदीला तरी हात लावतील अशी माझी वेडी आशा होती. नाही लावला. काल मीच कुंडी बदलली. ते दारात उभे राहून बघत होते.

तेव्हापासून मी घरात येरझारा घालते आहे. बाबांचं ऐकावं तर ते खालमानेने जगणार, आणि तू चाळीस लोकांपुढे माझं खोटं लाल अक्षरात वाचून दाखवणार. त्यातले काही घरी जाऊन नांगर विकतील. कदाचित भलं होईल त्यांचं. पुढच्या वर्षी आकडा दुप्पट झाला नाही की तुला शिव्या घालतील, हेही होईल. न ऐकावं तर ज्यांचा मी आधीच एकदा घात केला, त्यांचा शब्द पुन्हा मोडल्यासारखं होईल. तू माझ्या जागी असतास तर काय केलं असतंस? लगेच उत्तर देशील, माहीत आहे. तुला सगळं लगेच कळतं. म्हणून तर घोळ झाला.

शेवटी मी असं ठरवलं आहे. ठरवलं आहे की पुन्हा दुसऱ्यावर ढकलते आहे, तेही कळत नाही. आरोप बाबांवर होता, पाच वर्षं त्यांनी सोसला, तेव्हा तो ठेवायचा की उतरवायचा हे त्यांनी ठरवावं. मी हे पाकीट चिकटवणार नाही. त्यांच्या हातात देणार, वाचायचं तर वाचा म्हणणार, आणि संध्याकाळी फिरायला जाल तेव्हा टपालपेटीत टाकायचं असेल तर टाका, फाडायचं असेल तर फाडा. मी विचारणार नाही. यंदाचा अहवाल मात्र मी पाठवणार नाही, त्यांनी काहीही केलं तरी. तो शिक्का माझा आहे.

म्हणजे हे पत्र तुझ्या हातात आलं असेल, तर ते बाबांनी स्वतः तुला पाठवलं आहे.

तेव्हा फोन करू नकोस. पत्रही नको. काम सोड, चाळीस जणांना पुढची तारीख दे आणि ये. आल्यावर आधी मला हवं तेवढं बोलून घे, मग त्यांच्यापाशी जा.

नाही. माझं राहू दे. आधी त्यांच्यापाशीच जा, अगदी जवळ जा.

लेक म्हणून आणि बहीण म्हणून एकाच वेळी खरं कसं वागायचं हे न कळलेली,
मुंगी