उलट्या आट्यांची रिंग

अण्णा,

आज सकाळी टेबलफॅनवरून तुमची आठवण झाली आणि नेहमीसारखा आधी रागच आला. भाची फॅनची पाती धुऊन परत बसवत होती. तिनं बाहेरच्या खोलीतून ओरडून विचारलं, "आत्या, हे मधलं बोंड कुठल्या बाजूला फिरवलं की घट्ट होतं गं?" मी निवडत होते ती मेथी तशीच टाकली, चष्मा शोधला, तिच्याशेजारी जाऊन बसले, बोंड हातात घेऊन पाहिलं आणि मगच सांगितलं, "हे उलटं असतं. डावीकडे फिरव." ती हसायला लागली. "एवढं सांगायला उठून आलीस? तिथूनच सांगायचं की!" आता तिला काय सांगू? तुम्ही जाऊन चाळीस वर्षं होत आली, तरी तुमच्यामुळे मला कुणाच्या प्रश्नाला बसल्या जागेवरून उत्तर देता येत नाही.

आणि प्रश्न तरी किती विचारायचे माणसानं! कोल्हारात कुणाकडे सत्यनारायण सांगायला गेलात की पोथी उघडायच्या आधी त्यांच्या विहिरीला पाणी किती, मोटेला चामडं कुठलं, सुनेचं माहेर कुठलं, सगळं विचारून व्हायचं. आई म्हणायची, यांना यम न्यायला आला तर त्यालाही रेड्याचं वय विचारतील. मी त्या वेळी बावीस वर्षांची. लहानपणच्या तापानं डावा पाय बारीक झालेला, लग्नाचं कुणी नाव काढत नव्हतं आणि राहुरीच्या शाळेत मास्तरीण हवी होती. अकरा मैल जायचं, अकरा मैल यायचं. सर्व्हिस मोटार तिच्या मर्जीनं यायची. राहता राहिली सायकल. पण साध्या सायकलवर माझा डावा पाय पायडलबरोबर वर गेला की तिथंच अडकून बसायचा. नगरच्या सायकलवाल्या मिस्त्रींनी मला मैदानात दोन फेऱ्या मारायला लावल्या आणि म्हणाले, "गुरुजी, हिचं फ्री काढून टाकू, चाक मोकळं फिरू देतंय ते. मंग चाक फिरंल तवर पायडल फिरंल. ताईनं उजवा पाय दाबला की डावा आपसूक वर यील. थांबायचं झालं तर उजव्यानंच उलटा जोर द्यायचा." फक्त त्यासाठी चाकं नवी बांधावी लागणार होती, आणि चाकं बांधायची तर आधी हब निवडायचे. हब म्हणजे चाकाचा तुंबा, ज्यात आरे अडकवतात. लढाई नुकतीच संपलेली, माल मिळत नव्हता. मागच्या चाकासाठी मिस्त्रींनी कुठून कुठून तीन हब पैदा केले आणि फळीवर मांडले. आणि अण्णा, इथं माझं नशीब तुमच्या हातात गेलं.

एक नवाकोरा, आरशासारखा चकचकीत, पण त्याला फक्त फ्रीचे आटे. दात्यांची चकती बसली असती, पण ती झाळून पक्की करावी लागली असती. दुसरा लष्करी भंगारातला, काळा, वजनदार, पण त्यात चकती बसली की तिला बाहेरून धरून ठेवणारी वेगळी रिंग होती. तिसऱ्याला दोन्हीकडे आटे, चाक उलटं लावलं की फ्रीचं होणार, पण आतून झिजलेला. मला चकचकीत हवा होता. पाच मिनिटांचं काम. तुम्ही तिन्ही हब उपरण्यात बांधलेत आणि म्हणालात, "विचार करून सांगतो." मग तो विचार दीड महिना चालला! तुम्ही ते लोहाराला दाखवलेत, मोटारीच्या ड्रायव्हरला दाखवलेत, गाडीची चाकं करणाऱ्या सुताराला दाखवलेत. सुतार म्हणाला, "म्या बारा आऱ्याचं चाक बांधतो, गुरुजी. हितं चाळीस भोकं हायत. मला काय इचारता?" तरी त्याच्याकडे तासभर बसलात. पूजा आटोपली की आस बोटांत धरून हब कानाशी फिरवायचात, डोळे मिटून आवाज ऐकायचात. पुढच्या हबला बत्तीस भोकं आणि मागच्याला चाळीस, हा भेदभाव का, हे विचारायला मोटारीनं नगरला एक खेप. मी रडकुंडीला आले. राहुरीची जागा माझ्यासाठी थांबणार होती का? "अण्णा, कुठलाही घ्या, पण घ्या," मी ओरडले. तुम्ही शांतपणे म्हणालात, "तुंबा खोटा निघाला तर बाकी चाकाला काय जाळायचंय? तू बसणार आहेस त्यावर." शेवटी काळा घेतलात. तोच बरोबर होता, हे जास्त चीड आणणारं आहे.

चाकं बांधून झाली तेव्हा मिस्त्रींनी मला जवळ बोलावलं. तुम्ही बाहेर कुणाला तरी एरंडेलाचा भाव विचारत होता. "ताई, ध्यानात ठेवा. ही रिंग उलट्या आट्याची हाय. डावीकडं घट्ट हुती, उजवीकडं सुटती. तुमी उलटा जोर देताल तवा चकती सुटू बघंल, तिला हीच धरून ठेवती." मी मान डोलावली. मला सगळं कळलं होतं. महिनाभर गावात शिकले, पडले, उठले, आणि डावा पाय पायडलच्या पट्ट्यात अडकवून नदीपर्यंत जाऊन यायला लागले. माझ्या पायांनी मी कुठेतरी जातेय, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

राहुरीला हजर व्हायचं त्या सकाळी तुम्ही पंचा नेसून ओट्यावर सायकलपाशी बसला होता. रिंग महत्त्वाची, एवढं तुमच्या कानावर आलेलं. मुलगी इतक्या लांब जाणार म्हणून खाचेत खिळा लावून हातोडीनं तुम्ही ती घट्ट करत होता, उजवीकडे. तुमचं सगळंच उजवीकडे. गंध उगाळायचं ते तसं, तुळशीभोवती फिरायचं ते तसं, बरणीचं झाकणही तसंच. "एक वेढा बसली बघ! ढिलीच ठेवली होती त्यानं," तुम्ही खुशीत म्हणालात. मी आत दाखले पाकिटात घालत होते. दही हातावर घेतलं आणि निघाले. प्रवरेच्या पुलाच्या उतारावर उजव्या पायानं उलटा जोर दिला आणि पायाखालचं पायडल एकदम पोकळ झालं. हातातला ब्रेक आठवायच्या आत मी कठड्यावर आदळले. डावा पाय पट्ट्यात, उजवं मनगट मोडलेलं. गाडीवानांनी मला घरी आणलं. "गुरुजी, लेक पडली तुमची पुलावं. हाताला लई लागलंय," असं त्यांनी सांगितलं तेव्हा तुम्ही अनवाणी धावत आलात. राहुरीला त्याच दिवशी दुसरी बाई लागली.

आठ दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. मग मिस्त्री स्वतः मोटारीनं आले, चाक बघितलं आणि ओट्यावर तुम्हाला फैलावर घेतलं. "उजवीकडं मारली तर ती सुटती, गुरुजी! म्या ताईस्नी समदं सांगितलं हुतं. अवो, ताईला तरी इचारायचं!" तुम्ही एकदाच माझ्याकडे पाहिलंत. मग खाली बघून म्हणालात, "नाही विचारलं मी कुणाला. चुकलं माझं." गावाला हसायला विषय झाला. जन्मभर सगळ्या जगाला प्रश्न विचारणारा माणूस नेमका तेव्हाच विचारायला विसरला! वर्षभरानं मला दुसऱ्या शाळेत नोकरी लागली, त्याच काळ्या हबवर मी अठरा वर्षं शाळेत गेले, आणि मधल्या सुट्टीत ही गोष्ट मीही रंगवून सांगत आले. सगळ्या बाया पोट धरधरून हसायच्या. तुम्ही गेलात तेव्हा भेटायला आलेल्यांनाही सांगितली.

तुम्ही विचारलं होतंत, अण्णा. हातोडी मारायच्या आधी ओट्यावरून हाक मारून विचारलंत, "उजवीकडेच ना गं? प्रदक्षिणेसारखी?" मी दाखल्यांवरून मान वर केली नाही. "हो हो, उजवीकडे! किती विचाराल!" म्हटलं. मला माहीत होतं, तरी म्हटलं. तुमचा प्रश्न मी ऐकलाच नव्हता, फक्त त्याचा वैताग ऐकला होता. पडता पडताच माझ्या ध्यानात आलं. आठ दिवसांचा अबोला रागाचा नव्हता, तो भीतीचा होता. आणि तुमचा तरी केवढा हेका, की नंतरच्या नऊ वर्षांत एकदाही, अगदी आईसमोरही, मला त्याबद्दल विचारलं नाहीत. एवढा एक प्रश्न तरी विचारायचा होतात. मी खरं सांगितलं असतं. कदाचित.

भाची आत्ताच डोकावून गेली. "कुणाला लिहितेस गं एवढं?" मी कागदावर हात ठेवला आणि म्हटलं, "कुणाला नाही."